ठाण्याच्या दमट हवेत कुत्र्याला किती फिरवायचं?

शी-शूसाठी खाली नेऊन आणलं की कुत्र्याचा व्यायाम झाला, असं सोसायट्यांमध्ये सर्रास धरलं जातं. ती दहा मिनिटांची फेरी व्यायामात मोजू नका. पूर्ण वाढ झालेल्या, धडधाकट लॅब्रॅडॉरला किंवा बीगलला दिवसाला साधारण दीड तास हालचाल हवी, तीही दोन-तीन वेळांत विभागून. देशी कुत्र्याला तासभर तरी लागतोच. पगला अर्धा-पाऊण तास पुरे, कारण त्याच्या चपट्या नाकातून हवाच नीट खेळत नाही.

पण आपल्याकडे मिनिटांआधी हवा बघावी लागते. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना, आणि तेवढ्याने अंग थंड होत नाही. धाप टाकताना जिभेवरच्या आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होते, त्यावर त्याची सगळी भिस्त. मे महिन्यात खाडीकाठची हवा बाष्पाने आधीच भरलेली असते, त्यामुळे ही वाफ सावकाश होते. कोरड्या गावात ज्या तापमानाला कुत्रा आरामात चालेल, त्याच तापमानाला तो इथे लवकर तापतो. त्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं; ते ४१ च्या वर गेलं की जीवावर बेतू शकतं.

म्हणून उन्हाळ्यात मोठी फेरी पहाटेच काढा. दमटपणा तेव्हाही भरपूर असतो, पण ऊन नसतं आणि रस्ता रात्रभर निवलेला असतो. संध्याकाळी सूर्य मावळला तरी नवी मुंबईतल्या पाम बीच रोडसारख्या ठिकाणचं डांबर बराच वेळ तापलेलं राहतं. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर परत फिरा.

चालताना जिभेकडे लक्ष ठेवा. जीभ लांब लोंबायला लागली, टोकाशी पसरट झाली, लाळ घट्ट आणि चिकट झाली, कुत्रा मागे रेंगाळून सावली धरू लागला, की तिथेच थांबायचं. हिरड्या गडद लाल दिसल्या किंवा पाय लटपटले, तर अंगभर नळाचं साधं पाणी ओता, वारा घाला आणि मग लगेच डॉक्टरकडे न्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

उपवन तलावाकाठी पट्टा सैल सोडून कुत्र्याला मनसोक्त हुंगू द्या. पट्टा ओढत भरभर चालवण्यापेक्षा अशा वीस मिनिटांनी त्याचा मेंदू कामाला लागतो आणि घरी येऊन तो शांत झोपतो. येऊरच्या जंगलाकडे मात्र अंधार पडल्यावर नेऊच नका, तिथे बिबट्यांचा वावर आहे.

पावसाळ्यात डबक्यांपासून दूर ठेवा. उंदरांच्या मूत्रातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराचे जंतू त्या पाण्यात येतात. त्यावरची लस दरवर्षी हवीच. घरात गुळगुळीत लाद्यांवर चेंडू फेकला की पाय घसरून सांधे दुखावतात. त्याऐवजी जुन्या चादरीच्या घड्यांमध्ये त्याचं खाणं लपवा आणि त्याला शोधू द्या.

मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांची टोकं वर्ष-दीड वर्षापर्यंत कोवळी असतात. त्यांना जॉगिंगला नेऊ नका, जिने चढ-उतर करवू नका. स्वतःहून खेळतील तेवढं पुरतं.

लॅब्रॅडॉर घरात असेल तर आणखी एक. २०१६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांना या जातीच्या जवळपास चौथ्या हिश्शाच्या कुत्र्यांमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला. अशा कुत्र्याचं वजन नुसतं चालवून उतरत नाही, वाटीही मोजून भरावी लागते. बरगड्यांवरून हलका हात फिरवा. न दाबता त्या हाताला लागल्या पाहिजेत.