पी-५३ पॉझिटिव्ह म्हणजे काय?

दापोलीच्या मामांच्या फुफ्फुसाच्या बायोप्सीचा रिपोर्ट मुंबईहून आला तेव्हा मामीने आधी हेच विचारलं, "पी-५३ पॉझिटिव्ह लिहिलंय. पॉझिटिव्ह म्हणजे बरं ना रे?"

पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडलं. ते कॅन्सर वाढवतं असंच सुरुवातीला वाटलं होतं. ते कॅन्सर रोखणारं आहे हे कळायला दहा वर्षं गेली. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की ते विभाजन थांबवतं, दुरुस्तीला सवड देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला मरायला लावतं. कोकणात रात्री गावाच्या शिवेवरून फिरणारा राखणदार असतो म्हणतात, तसाच हा पेशीतला राखणदार.

पॉझिटिव्ह म्हणजे हा राखणदार तपासणीत जास्त दिसला. मग ते वाईट का?

हर्णै बंदरात संध्याकाळचा लिलाव पाहिलाय? टोपल्या उतरतात, बोली लागते, माल टेम्पोत चढतो. वाळूवर ढीग राहत नाही. राहिलाच, तर उचलणारं कुणी आलेलं नाही एवढंच कळतं; त्या दिवशी मासळी जास्त आली असं नसतं. निरोगी पेशीत पी-५३ सतत बनतं आणि वीसेक मिनिटांत निम्मं मोडूनही पडतं. मोडणाऱ्या प्रथिनाचं नाव एमडीएम-२, आणि गंमत अशी की त्याला बोलावणं धाडतं ते खुद्द पी-५३च. पी-५३चं जनुक बिघडलं की हे बोलावणं जात नाही, आणि निकामी पी-५३ पेशीकेंद्रात साचत राहतं.

प्रयोगशाळेत मेणात बसवलेल्या तुकड्याचा चारेक मायक्रॉनचा काप काढून त्यावर पी-५३लाच चिकटणारी अँटिबॉडी सोडतात. जिथे पी-५३ असेल तिथे तपकिरी रंग धरतो. निळसर काचेवर मधूनमधून फिकट ठिपके दिसणं हे नेहमीचंच. जवळजवळ प्रत्येक पेशीकेंद्र गडद तपकिरी झालं तर बिघाड. आणि गाठीतल्या पेशी अगदी कोऱ्या, पण शेजारच्या निरोगी पेशींत फिकट रंग आहे, तर तोही बिघाडच: तिथे प्रथिन बनतच नाही. म्हणून नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिणं मला अपुरं वाटतं. रंग कसा पसरलाय ते रिपोर्टात यायलाच हवं.

मामांनी चाळीस वर्षं विडी ओढली. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरीन हे कॅन्सरकारक रसायन पी-५३च्या याच जनुकाच्या ठरावीक जागांवर जाऊन चिकटतं, हे १९९६ साली दाखवलं गेलं.

यावरून पुढचं भाकीत करता येतं का? बिघडलेलं पी-५३ असलेल्या रुग्णांची वाटचाल सरासरीने थोडी खडतर, असं अनेक अभ्यासांत दिसलं. काहींत दिसलंच नाही. मोजमापही एकसारखं नव्हतं: कुणी दहा टक्के पेशी रंगल्या की पॉझिटिव्ह धरलं, कुणी पन्नास. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 'स्मॉल सेल' प्रकारात तर जवळपास सगळ्यांचंच हे जनुक बिघडलेलं असतं, मग त्यावरून कुणाचं बरं, कुणाचं वाईट कसं ठरवणार? कॅन्सरची स्टेज, माणसाची ताकद, ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांतला औषधाला दाद देणारा बदल, यांचं वजन कितीतरी जास्त.

मामीला म्हटलं, त्या एका ओळीवर रात्र जागू नकोस. डॉक्टरांना दोन गोष्टी विचार: स्टेज कोणती, आणि ईजीएफआरची तपासणी झाली का. तिने रिपोर्टाच्याच पाकिटावर दोन्ही लिहून घेतल्या.