साबुदाण्याच्या सांडपाण्यातला गॅस

उपवासाचे दिवस आले की तमिळनाडूतल्या सेलमच्या साबुदाण्याचा तोच व्हिडिओ पुन्हा फिरू लागतो: म्हणे तिथे कंद महिनोन्‌महिने सडवतात. साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, आणि हा कंद काढल्यावर दोन-तीन दिवसांतच खराब होऊ लागतो. सडला तर स्टार्चच हातचा जातो, मग कारखानदार तो सडवेल कशाला? वास मारतो तो साबुदाणा नव्हे, साचलेले सांडपाणी.

कंद सोलून, धुऊन, किसून काढलेले स्टार्चचे दूध हौदात निवळते. स्टार्च तळाशी बसतो आणि वरचे पाणी सोडून देतात. त्यात साखर, बारीक स्टार्च आणि कंदातले थोडे सायनाइडही असते. उघड्यावर ते कुजले की मिथेन हवेत जातो. बंद टाकीत तोच इंधन होतो.

टाकीतली खरी गंमत हायड्रोजनची आहे. जिवाणू स्टार्चची साखर करतात, साखरेची प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले करतात. पुढे दुसरे जिवाणू या आम्लांपासून अ‍ॅसिटिक आम्ल आणि हायड्रोजन बनवतात. पण हायड्रोजन जरा साचला की या क्रियेतून त्यांना ऊर्जाच मिळत नाही. प्रोपिऑनिक आम्लासाठी त्याचा दाब वातावरणाच्या साधारण 10,000व्या भागाखाली लागतो. तो तितका कमी ठेवतात शेजारचे मिथेनजनक, म्हणजे मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव. हे जिवाणू नव्हेत, आर्किया. अमेरिकन शास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी 1977 मध्ये जीवसृष्टीची ही वेगळी शाखा ओळखली. एकाने सोडलेला हायड्रोजन दुसरा लगेच खातो, म्हणून दोघांना अगदी चिकटून राहावे लागते. नेदरलँड्सच्या खात्झे लेटिंगा यांनी 1970च्या दशकात विकसित केलेल्या यूएएसबी टाकीत त्यांचे मिलिमीटरभराचे दाणे बनतात. पाणी खालून वर जाते, दाणे टाकीतच राहतात.

स्टार्च मात्र झटकन आंबतो. आम्ल करणारे वेगवान, मिथेनजनक संथ. पीएच 6.5च्या खाली घसरला की गॅस मंदावतो. म्हणून चुना किंवा सोडा घालतात, नाहीतर आंबवण्याची टाकी वेगळी ठेवतात.

नष्ट झालेल्या प्रत्येक किलो सीओडीमागे (म्हणजे सेंद्रिय मळाच्या मापामागे) जास्तीत जास्त 0.35 घनमीटर मिथेन मिळतो. लिटरला 5 ग्रॅम सीओडीचे पाणी असेल आणि 80 टक्के मळ गेला, तर 13,000 लिटरमागे घरगुती सिलिंडरएवढी उष्णता! थायलंडचे अनेक स्टार्च कारखाने याच गॅसवर स्टार्च वाळवतात.

‘चमत्कारी कल्चर’च्या महागड्या पुड्यांना भुलू नका. शेणकाला किंवा चालू टाकीतला गाळ विरजणाला पुरतो. सांडपाणी सुरुवातीला थोडेच सोडून हळूहळू वाढवावे, म्हणजे मिथेनजनक सायनाइडलाही सरावतात.