तंबोऱ्याखालची घरघर: हेडफोन आणि स्वच्छ विजेची पार्श्वभूमी

रात्री साडेअकराला सदाशिव पेठेतली रहदारी थांबली की मी हेडफोन लावून बसतो. तंबोरा काळी एकमध्ये मिळवलेला, गायकाने अजून सूर लावायचाय. आणि तंबोऱ्याच्या तळाशी दुसराच एक सूर सतत लागलेला: विजेची घरघर. काळी एकचा खर्ज म्हणजे साधारण ६९ हर्ट्‌झ. भिंतीतली वीज ५० हर्ट्‌झची. अँप्लिफायरमध्ये तिची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करताना लाटेच्या दोन्ही बाजू वापरल्या जातात, म्हणून मागे उरते ती लहर १०० हर्ट्‌झची. गणित मांडलं तर ही लहर तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये पडते. ना धड हा, ना तो. पंचमात मिळवलेल्या तंबोऱ्याखाली हे किती खुपतं, ते गाणं ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

हा सूर हेडफोनमध्ये शिरला कसा, हे पाहायचं तर शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा तो तिथे नव्हताच.

१९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन बनवत होता आणि अमेरिकी नौदल ते विकत घेत होतं. त्या हेडफोनला बाहेरून वीज लागतच नव्हती. बिनतारी यंत्रातून येणाऱ्या क्षीण प्रवाहावरच पडदा हलायचा. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालायचं. त्यानंतर आलेले घरगुती रेडिओही बॅटरीवरच: व्हॉल्वचा, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीचा, तंतू तापवायला एक, जास्त व्होल्टच्या दाबासाठी दुसरी. बॅटरीची वीज सरळ रेषेत वाहते, तिच्यात लाट नसते. त्रास होता तो बॅटऱ्या चार्ज करण्याचा, बदलण्याचा आणि सांडणाऱ्या ॲसिडचा. १९२५ मध्ये टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने थेट घरच्या एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या, विजेवर चालणारा, बॅटरी नसलेला रेडिओ बाजारात आणला. सोय झाली, आणि सोयीच्या पाठोपाठ घरघरही घरात आली. पण तोवर रेडिओला स्पीकर लागले होते. खोलीच्या पलीकडून येणारी बारीक गुणगुण पंख्याच्या आणि रस्त्याच्या आवाजात विरून जायची.

आपल्याकडे याच काळात सह्याद्रीच्या पाण्यावर वीज बनू लागली होती. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी घाटाखाली सोडून चालणारं टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं; त्याची वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुण्याच्या कानांसाठी महत्त्वाचं वर्ष १९५३. त्या वर्षी आकाशवाणीचं पुणे केंद्र सुरू झालं आणि सवाई गंधर्व महोत्सवही. व्हॉल्वचा रेडिओ तापून आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा, आणि आवाजाच्या आधी घरघर यायची. तिचं कुणाला काही वाटत नसे.

हेडफोन संगीतासाठी वापरायचे हा विचार मात्र हळूहळू रुजला. बर्लिनच्या बायर कंपनीने १९३७ मध्ये डीटी ४८ हा हेडफोन काढला, अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या जॉन कॉसने १९५८ मध्ये स्टिरिओ हेडफोन दाखवला, जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये स्थिरविद्युत तत्त्वावरचा. १९६८ चा झेनहायझरचा पिवळ्या फोमचा एचडी ४१४ पाठीमागून उघडा होता आणि त्याचा अवरोध, म्हणजे विजेला होणारा विरोध, तब्बल २००० ओहम. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि दोन पेन्सिल सेलवर हेडफोन पुन्हा बॅटरीकडे गेले. वॉकमनमध्ये टेपची सळसळ असायची, घरघर नसायची, हे त्या काळातल्या कुणालाही विचारून पाहा.

परत भिंतीशी गाठ बांधली ती उंची हेडफोननी. १९९७ चा झेनहायझरचा एचडी ६०० तीनशे ओहमचा; तो खुलायचा तर वेगळा अँप्लिफायर हवा. स्टॅक्सच्या आजच्या हेडफोनमध्ये पडद्यावर ५८० व्होल्टचा दाब लागतो, म्हणजे स्वतंत्र यंत्र आलंच. आणि अँप्लिफायर आला की प्लग आला.

इथे एक आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. कानात घालायचे काही अतिसंवेदनशील इअरफोन सव्वाशे मिलिव्होल्टला ११५ डेसिबल आवाज देतात. शांत खोलीत जेमतेम ऐकू येईल असा, म्हणजे १५ डेसिबलचा आवाज त्यातून निघायला एका मायक्रोव्होल्टच्या आसपास पुरतो. भिंतीत २३० व्होल्ट आहेत. दोन्हींमधलं अंतर सुमारे २३ कोटीपट! कानाला ५० हर्ट्‌झ फार मंद ऐकू येतो हे आपलं नशीब, पण त्याच्या पटीतले १००, १५०, २५० हर्ट्‌झ असे वरचे घटक कान सोडत नाही.

त्यात पुण्याच्या विजेने गेल्या वीस वर्षांत रूपं बदलली. भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यातल्या स्वस्तातल्यांची लाट चौकोनी असायची. चौकोनी लाटेत १५०, २५०, ३५० असे विषम घटक भरलेले असतात, म्हणून पंखा गुरगुरायचा आणि अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर अंगानेच गाऊ लागायचा. २००६ मध्ये उद्योगांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहराची तूट भरायची आणि त्याचा जादा आकार ग्राहकांनी द्यायचा, असा प्रयोग पुण्यात झाला आणि शहर भारनियमनातून सुटलं. मग आले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर एसी. हे सगळे वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून वापरतात आणि त्याचा कचरा त्याच तारेत परत टाकतात. खात्री करायची असेल तर जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मध्ये लावा आणि स्वस्त चार्जरजवळ न्या. तो तडतडतो तो हाच कचरा.

पण माझ्या घरातल्या घरघरीचं मूळ यातलं काहीच निघालं नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट सरकवलं की बारीक झिणझिण्या यायच्या आणि हाताच्या स्पर्शाने हेडफोनमधली घरघर कमी-जास्त व्हायची. मल्टिमीटर लावला तर ती कड आणि मोरीतला नळ यांच्यामध्ये ११० व्होल्ट! चार्जरमधले गाळणीचे कपॅसिटर थोडासा प्रवाह अर्थिंगकडे सोडतात. अर्थिंगच नसेल तर धातूची कड अर्ध्या दाबावर तरंगत राहते, आणि तो प्रवाह यूएसबीच्या तारेतून अँप्लिफायरमध्ये वाट काढतो. सॉकेट उघडलं. तीन भोकं होती, तारा दोनच. फिटिंग करणाऱ्याने वरचं भोक कोरडंच ठेवलं होतं. जुन्या वाड्यांत दोनच तारा असायच्या; वाडा पाडून इमारत झाली तरी काही भिंतींत ती सवय तशीच राहिली. काही जण घरघर घालवायला थ्री-पिन प्लगची अर्थची पिनच कापतात. हे कृपा करून कुणीही करू नये. आत कुठे फेज सुटून धातूला लागली तर त्या पिनेशिवाय तिला जायला फक्त तुमचं शरीर उरतं.

महागड्या उपायांबद्दल माझं मत सरळ आहे. वीज आधी डीसी करून तिच्यापासून नवी स्वच्छ लाट बनवणारी यंत्रं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळतात आणि ती खरोखर काम करतात. जाड, चकचकीत पॉवर केबलबद्दल मला तसं म्हणता येत नाही. खांबापासून भिंतीपर्यंतच्या साध्या तारेनंतरच्या शेवटच्या दीड मीटरने काय बदलणार? चांगल्या अँप्लिफायरच्या पोटात ही लढाई आधीच लढलेली असते. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीच्या आसपास सहज मिळणाऱ्या एलएम ३१७ या १९७० च्या दशकातल्या, दाब स्थिर ठेवणाऱ्या साध्या रेग्युलेटरच्या एका पायावर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, तर लहर सुमारे दहा हजारपट दबते. मी स्वतः जोडून पाहिलं आहे. ज्यांना हेही नको, त्यांच्यासाठी लिथियम बॅटरीवरचे छोटे अँप्लिफायर आहेत. बाल्डविनच्या काळासारखीच भिंतीशी गाठ नसलेली ती वीज.

माझ्याकडे अर्थिंगची नवी तार खालच्या खड्ड्यापर्यंत गेली. खड्ड्यात नळी, भोवती कोळसा आणि मीठ. पहिल्या रात्री तंबोऱ्याखाली फक्त तंबोरा होता. मार्चअखेर मात्र घरघर पुन्हा किंचित आली, कारण आपल्याकडचा मुरूम उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि कोरडी जमीन प्रवाह घेत नाही. तेव्हापासून पाऊस सुरू होईपर्यंत दर रविवारी सकाळी मी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो.