परसाकडची हाक

मालवणकडच्या आमच्या घरात सकाळी बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला आजी एकच बजावायची, "आधी परसाकडे जावन ये, मगे भायर पड." शाळेला निघालेला नातू असो की मुंबईची गाडी पकडणारा मुलगा, उंबरठ्यावर ही चौकशी ठरलेली. तेव्हा चारचौघांत लाज वाटायची. पुढे शरीरशास्त्र वाचायला लागलो तेव्हा उमगलं, की बद्धकोष्ठाबद्दल सांगण्यासारखी सगळ्यांत मोलाची गोष्ट तिच्या त्या वाक्यात होती.

चुलीवरची कुळथाची पिठी डोळ्यांसमोर आणा. शिजली शिजली की ती भातावर ओघळते. निखाऱ्यावर तशीच राहिली तर घट्ट होते, आणि विसरलात तर पळीने खरवडावी लागते. मोठ्या आतड्यात असंच काहीसं घडत असतं. साधारण दीड मीटर लांबीच्या या नळीत लहान आतड्याकडून रोज जवळजवळ दीड लिटर पातळ ऐवज येतो. त्यातलं पाणी आणि क्षार मोठं आतडं शोषून घेतं आणि शेवटी शौचावाटे जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर पाणी जातं. शोषण्याचं हे काम थांबत नाही. मल जितका वेळ आत राहील, तितका तो सुकत जातो आणि त्याचा खडा होतो.

मग बद्धकोष्ठ म्हणायचं कशाला? रोज सकाळी एकदा झालंच पाहिजे, या समजुतीने कितीतरी माणसं विनाकारण हवालदिल होतात. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढी मोठी मुभा निसर्गानेच दिली आहे. तीन दिवसांतून दोनदा जाणारा आणि सहज मोकळा होणारा माणूस ठणठणीत असतो. उलट रोज जाऊनही कुंथावं लागत असेल, लेंड्यांसारखे खडे पडत असतील, जाऊन आल्यावरही काहीतरी अडकून राहिल्यासारखं वाटत असेल, तर ते बद्धकोष्ठच. डॉक्टर यासाठी 'ब्रिस्टल' तक्ता वापरतात. त्यात मलाचे सात प्रकार चित्रांतून दाखवले आहेत. पहिले दोन, म्हणजे सुटे कडक खडे आणि खड्यांचीच जोडून झालेली गाठाळ कांडी, हे बद्धकोष्ठाचे. तिसरा आणि चौथा उत्तम.

पोट साफ न झाल्याने अंगात विष भिनतं, ही भीती तर शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमधले नामवंत शल्यविशारद आर्बथनॉट लेन या भीतीपायी रुग्णांचं अख्खं मोठं आतडं काढून टाकत. १९२२ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरला, तर त्यांनाही तेच जडपण आणि तीच डोकेदुखी जाणवली, आणि कापूस काढताच बरं वाटलं. कापसात कुठलं आलं विष? त्रास होता तो ताणाचा. 'विषारी द्रव्यं बाहेर काढणारे' काढे आणि चूर्णं आजही खपतात, तेव्हा तो कापूस आठवावा.

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. मोठं आतडं दिवसभर सारखं ढकलत नाही. दिवसातून काही वेळाच त्यात जोराची लाट येते, बहुतेकदा सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर. पोटात गरम पेज किंवा चहा गेला, की आतड्याला वर्दी पोचते. मल गुदाशयात उतरतो, गुदाशय ताणला जातो, आतला स्नायू आपोआप सैल पडतो आणि आपल्याला शौचाची कळ येते. बाहेरचा स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. तो आवळून धरला तर काही मिनिटांत कळ विरते. ऐवज तिथेच राहतो आणि सुकत जातो. हे रोजचंच झालं की गुदाशयाला ताणाची सवय होते, कळ मंदावते. पुढे पुढे तर ती येतच नाही असं वाटतं.

आणि कळ दाबायला लागावी असे प्रसंग आपल्याकडे किती! बाजारात पहाटेपासून मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईने उठून जायचं कुठे? शाळेतला संडास घाण असतो म्हणून मुलं संध्याकाळपर्यंत दम धरतात. माझी आत्या मुंबईहून रात्रीच्या बसने गावी यायची तेव्हा दुपारपासूनच पाणी बंद करायची. घाटात गाडी थांबलीच, तर बाईमाणसाने काळोखात उतरायचं कसं? घरी पोचावं तर गणपतीची गर्दी, माणसं पंचवीस आणि संडास एक. आपण आत गेलो की बाहेर कोणीतरी खोळंबणार, या संकोचाने ती तीन-तीन दिवस टाळायची. चौथ्या दिवशी मोदकाकडे बघवायचं नाही, चेहरा ओढलेला. सगळे म्हणायचे, प्रवास बाधला. बाधत होता तो संकोच, आणि त्याला औषधाच्या दुकानात उत्तर नाही.

बसण्याच्या पद्धतीचंही तसंच. गुदाशयाला पुढे ओढून धरणारा एक स्नायू झोळीसारखा त्याच्या मागून वळसा घालून जातो. उभं असताना किंवा खुर्चीसारखं बसल्यावर तो नळीला बाक देतो, पाण्याच्या नळीला मुडप पडावी तसा. उकिडवं बसल्यावर हा बाक बराच सरळ होतो. गुडघे दुखतात म्हणून घरोघरी कमोड आले, ते योग्यच झालं. पण कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्यावा, गुडघे कमरेपेक्षा वर येऊ द्यावेत आणि थोडं पुढे वाकावं. काही जणांचा हा स्नायू कुंथताना सैल व्हायच्या ऐवजी उलट आवळला जातो. अशांना कितीही चूर्ण दिलं तरी उपयोग थोडा. त्यांना तो स्नायू सैल सोडायला शिकवावं लागतं. 'बायोफीडबॅक' नावाची ती उपचारपद्धती पोटविकारतज्ज्ञांकडे मिळते.

खाण्याचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू हवेत. शंभर ग्रॅम पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ते तीनेक ग्रॅम असतात, तर नाचणीत अकराच्या आसपास. पांढरा भात आणि माशाची कढी हे जेवण कितीही आवडतं असलं, तरी माशात तंतू अजिबात नसतात. बाजूला पावसाळ्यातला टाकळा, वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी किंवा कोवळ्या फणसाची भाजी आली, की ताट भरून निघतं. तंतू पाणी धरून ठेवतात. शिवाय आतड्यातले जिवाणू त्यांवर पोसतात, वाढतात आणि मलाचा आकार वाढवतात. आंब्याचा हंगाम असेल तर आणखी बरं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेक्सासमधल्या एका अभ्यासात बद्धकोष्ठाच्या ३६ रुग्णांपैकी काहींना चार आठवडे रोज ३०० ग्रॅम आंबा दिला आणि बाकीच्यांना तेवढ्याच तंतूंची पूड. आंबा खाणाऱ्यांना जास्त आराम पडला. अभ्यास लहान होता, आणि मधुमेह असेल तर एवढा आंबा खाऊ नये.

इसबगोल घेण्याआधी एकदा चमचाभर पेल्यात टाकून दहा मिनिटं नुसतं पाहा. फुगून त्याची खळ होते. पोटातही तेच व्हायचं असतं, म्हणून वर पेलाभर पाणी हवंच. पाणी कमी पडलं तर तेच अडकून बसू शकतं. नुसतं पाणी पीत राहिल्याने मात्र फारसा फरक पडत नाही. शरीरात पाणी कमी असेल, मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या असतील, तर गोष्ट वेगळी. तंतू वाढवायचे तेही हळूहळू, नाहीतर पोट गुबारतं.

घरातल्या गोळ्यांच्या पाकिटांकडेही बघावं. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीनयुक्त खोकल्याची औषधं, रक्तदाबाची काही औषधं आतड्याला मंदावतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टरांना विचारलं की बहुतेकदा पर्याय निघतो. थायरॉईड मंदावल्यानेही असंच होतं. रेचक लागलंच, तर पाणी आत ओढून घेणारी लॅक्टुलोजसारखी औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने बरेच दिवस चालतात. एरंडेल मात्र गरोदर बाईला कधीही देऊ नये. त्यातलं आम्ल आतड्याला ज्या वाटेने आकुंचित करतं, त्याच वाटेने गर्भाशयालाही करतं.

लहान मुलाची चड्डी वरचेवर पातळ शौचाने खराब होत असेल, तर त्याला जुलाब समजून ओरडू नका. कित्येकदा आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत असतो. मुलाला ते कळतही नाही. एकदा दुखलं म्हणून ते धरून ठेवतं, धरल्याने आणखी कडक होतं, आणि त्यात घरचे रागावतात.

शौचातून रक्त पडणं, काही न करता वजन घटणं, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदलणं, यांतलं काहीही दिसलं तर मूळव्याध असेल म्हणून घरी बसू नये, तपासून घ्यावं. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आत्याचं दुखणं शेवटी कॅल्शियमची गोळी बदलून, रोजची नाचणीची भाकरी आणि सकाळची पंधरा मिनिटं यांनी सुटलं. गेल्या गणपतीत तिने देवघराजवळचा जुना पाट उचलून मागीलदारी नेला. पेज पिऊन झाली की ती आधी आत जायची, मग मोदकांच्या उकडीला बसायची. दुसऱ्या दिवशी आरतीची वेळ झाली, झांजा वाजू लागल्या, तरी दार आतून बंदच होतं. धाकटी पोरं हाका मारायला धावली, तशी काकूने त्यांना पडवीतच थांबवलं.