शिखर सरकलं म्हणजे तापलंच का? रामन तापमापनाच्या दोन वाटा

‘रामन पद्धतीने नमुन्याचं तापमान 900 केल्विन निघालं’ असं कुणी सांगितलं, की विचारावंसं वाटतं: कुठल्या रामन पद्धतीने? लेसर तोच, प्रकाशाचे रंग वेगळे करून मोजणारा स्पेक्ट्रोमीटर तोच, पण त्यातून मिळणाऱ्या वर्णपटावरून तापमान काढायच्या वाटा दोन आहेत. एक शिखराची जागा बघते, दुसरी दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर. (प्रयोगशाळेत सगळे ‘पीक’ म्हणतात. मराठीत पीक शेतात येतं, म्हणून इथे शिखर.)

1928 साली कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसलं, की विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो. प्रकाशाने पदार्थातल्या कंपनाला ऊर्जा दिली, तर तो तांबड्याकडे झुकतो. हा स्टोक्स भाग. आधीपासून चालू असलेल्या कंपनाकडून ऊर्जा घेतली, तर निळ्याकडे. हा अँटी-स्टोक्स. वर्णपटात लेसरच्या रंगाच्या दोन बाजूंना ही दोन शिखरं दिसतात, आणि शिखर त्या रंगापासून किती दूर हे कंपनाच्या वारंवारतेवर ठरतं. पुढचा सगळा घोळ आणि त्याचा उलगडा या ‘आधीपासून’मध्ये आहे.

पहिली वाट सोपी. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनचं शिखर लेसरच्या रंगापासून सुमारे 520 प्रति सेंटीमीटरवर असतं (हे अंतर मोजायचं एकक). स्फटिक तापला की जाळी फुगते, बंध ढिले पडतात आणि शिखर खाली घसरतं, साधारण 40 ते 45 अंशांना 1 प्रति सेंटीमीटर इतकं. चांगल्या उपकरणाला याचा दहावा भागही कळतो, म्हणजे चार-पाच अंशांचा फरक हाती येतो. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये जेमतेम एका मायक्रॉनचा भाग भाजत असतो. तो याच वाटेने सापडतो, आणि तिथे ही पद्धत खरंच कामाची आहे.

पण तंबोरा लावणाऱ्याला विचारा. सभागृह तापलं की तार उतरते हे खरं, पण खुंटी पिळली की तीच तार चढते. नुसता स्वर ऐकून यातलं काय घडलं हे सांगता येत नाही. शिखराचंही तसंच. सिलिकॉनवर सगळीकडून 1 गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहा हजार पट दाब दिला, तर शिखर सुमारे 5 प्रति सेंटीमीटर वर चढतं, आणि दोनशे अंश तापवलं तर जवळपास तेवढंच खाली येतं. दोन्ही एकदम झालं तर? शिखर जिथल्या तिथे, आणि वाचणारा म्हणणार, नमुना थंड आहे. हिऱ्यांच्या ऐरणीत, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये नमुना चिरडून लेसरने तापवताना, हे सतत होतं. बंदिस्त जागेत नमुना तापला की दाबही आपोआप वाढतो.

दुसरी वाट कंपनाचा स्वर विचारत नाही, किती कंपनं आधीच चालू आहेत ते विचारते. अँटी-स्टोक्स शिखर उठायला कंपन अगोदर जागं असावं लागतं, आणि त्याला जागं करते उष्णता. वारंवारतेची दुरुस्ती (निळा प्रकाश मुळातच जास्त विखुरतो) बाजूला ठेवली, तर सिलिकॉनमध्ये 300 केल्विनला अँटी-स्टोक्स हे स्टोक्सच्या सुमारे 8 टक्के असतं, 1000 केल्विनला 47 टक्के. दाबाने या गुणोत्तरात फरक पडतो तो शिखराची जागा बदलल्यापुरता, आणि ती जागा वर्णपटात दिसतेच. पहिल्या वाटेसारखं आधी नमुना भट्टीत घालून कुठल्या तापमानाला शिखर कुठे याचा तक्ता बनवायचीही तत्त्वतः गरज नाही.

‘तत्त्वतः’ हा शब्द मात्र इथे बराच भार उचलतो. स्पेक्ट्रोमीटर निळा आणि तांबडा प्रकाश सारख्याच इमानाने मोजत नाही, त्यामुळे माहितीतल्या दिव्यावर त्याचा कल तपासावा लागतो. लेसरचा रंग पदार्थ जे रंग शोषून घेतो त्यांच्याजवळ असला, तर गुणोत्तर सरळ थाप मारतं. हिऱ्याचं शिखर 1332 प्रति सेंटीमीटरवर, इतकं वर, की खोलीच्या तापमानाला त्याचं अँटी-स्टोक्स स्टोक्सच्या सहाशेव्या हिश्श्याएवढंच उरतं. तिथे ते शोधत बसण्यात अर्थ नाही. 1000 केल्विनला ते 15 टक्क्यांच्या आसपास जातं, मग मजा येते. उलट कमी वारंवारतेचं कंपन फार तापवलं, तर गुणोत्तर एकाकडे सरकून सपाट होतं. त्यामुळे तापमानाला साजेसं कंपन निवडणं हे अर्धं काम.

आणखी तापवलं की नमुना स्वतःच लालबुंद होऊन चमकायला लागतो आणि ती चमक रामनचा क्षीण प्रकाश गिळते. यावर उपाय म्हणजे नॅनोसेकंदांच्या स्पंदांचा लेसर आणि तेवढ्यापुरताच डोळा उघडणारा कॅमेरा. ही चमक तांबड्या बाजूला जास्त असते, त्यामुळे निळ्या बाजूचं अँटी-स्टोक्स थोडं सुटतं.

एक खोड दोघींनाही सारखीच: मोजणारा लेसर नमुना तापवतो. शक्ती कमी-कमी करत शून्याकडे जाणारी रेषा काढल्याशिवाय कुठल्याच आकड्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

तेलविहिरींत आणि बोगद्यांत किलोमीटरच्या किलोमीटर टाकलेल्या काचतंतूंमधून तापमान मोजणाऱ्या रामन यंत्रणांनी गुणोत्तराचीच वाट धरली आहे. केबल ताणली, वाकली, तरी ताणाला उष्णता समजायची चूक होत नाही. ब्रिल्वाँ विखुरणावर, म्हणजे काचेतल्या ध्वनिलहरींवरून प्रकाश विखुरण्यावर, चालणाऱ्या काचतंतूंमध्ये मात्र ताण आणि तापमान एकमेकांत गुंततात.

हिऱ्यांच्या ऐरणीत हात आखडता घ्यायचं कारण नाही, दोन्ही वाटा एकाच वर्णपटात मिळतात. गुणोत्तरावरून तापमान काढायचं, त्या तापमानाने शिखर किती घसरायला हवं होतं ते भट्टीतल्या तक्त्यावरून पाहायचं, आणि प्रत्यक्ष जागेत जो फरक उरेल तो दाबाच्या खात्यावर टाकायचा.