कुवेत, नेपाळ किंवा चीनला निघण्यापूर्वी क्रिप्टो खात्याची आवराआवर : पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

सांगली-मिरज किंवा कऱ्हाड-साताऱ्याहून नोकरीसाठी परदेशी निघालेल्या ज्यांच्या नावे क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनाचे, खाते आहे, त्यांनी व्हिसा हाती येताच त्या खात्याचा विचार करावा. भारतात क्रिप्टोवर बंदी नाही. क्रिप्टो व्यवहारांना सेवा देण्यास बँकांना मनाई करणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. नेपाळच्या राष्ट्र बँकेने मात्र २०१७ मध्येच बिटकॉइनचे व्यवहार बेकायदा ठरवले, चीनने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वच क्रिप्टो व्यवहार बेकायदा ठरवले आणि कुवेतने जुलै २०२३ मध्ये क्रिप्टोतून देणी भागवणे, गुंतवणूक व मायनिंग (संगणकाद्वारे नवी नाणी मिळवणे) या सर्वांना मनाई केली. व्हीपीएन (आपले ठिकाण लपवणारी इंटरनेट सेवा) लावून तिथूनही व्यवहार करता येतो, असे सांगणारे भेटतात. तो सल्ला कोणीही मानू नये, कारण अडचण आली तर तिथलाच कायदा लागू होतो आणि नोकरीही धोक्यात येते. शिल्लक इथेच विकून जावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

हा क्रम अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःच्या नावे केवायसी असलेल्या खातेदारासाठी आहे. आधारशी जोडलेले पॅन, बँक पासबुक आणि आयकर पोर्टलचे लॉगिन जवळ असावे.

प्रथम शिल्लक विकून रक्कम स्वतःच्या बचत खात्यात घ्यावी. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला हे खाते एनआरओ (अनिवासी भारतीयाचे रुपयातील खाते) करून घ्यावे लागते, त्यामुळे विक्री आधी आणि बँकेतील अर्ज नंतर, हा क्रम सोयीचा ठरतो. त्यानंतर एक्स्चेंजवरून (जिथे क्रिप्टोची खरेदी-विक्री केली ते संकेतस्थळ किंवा अ‍ॅप) पहिल्या खरेदीपासूनचा संपूर्ण उतारा उतरवून घ्यावा, कारण आयकर विवरणपत्रातील शेड्यूल व्हीडीएमध्ये (आभासी डिजिटल मालमत्तेच्या तक्त्यात) प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि मिळालेली रक्कम वेगवेगळी भरावी लागते. नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आहे. वजावट केवळ खरेदीच्या किमतीची मिळते आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. विक्रीवर कापलेला १ टक्का टीडीएस (उगमस्थानी कापलेला कर) आयकर पोर्टलवरील फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावे जमा कराच्या उताऱ्यात, जमा दिसतो का, हे जाण्यापूर्वीच पडताळावे. विवरणपत्राचा आयटीआर-१ हा नमुना इथे चालत नाही. व्यवसायाचे उत्पन्न नसल्यास आयटीआर-२, असल्यास आयटीआर-३ भरावा.

घाईत पी टू पी पद्धतीने, म्हणजे खरेदीदाराकडून थेट आपल्या खात्यात पैसे घेऊन, अनोळखी माणसाला क्रिप्टो विकू नये. त्याने पाठवलेली रक्कम सायबर फसवणुकीतील निघाली, तर आपले बँक खाते गोठते आणि परराज्यातील तपास अधिकाऱ्याशी कुवेतमधून पत्रव्यवहार करावा लागतो. तशी वेळ आलीच, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक व पोलीस ठाण्याचे नाव घेऊन व्यवहाराचा उतारा आणि संभाषणाच्या प्रती त्या अधिकाऱ्याला लेखी पाठवाव्यात.

विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते आणि तिचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. म्हणून ते सिम बंद न करता त्यावर रोमिंग सुरू ठेवावे, अथवा नेट बँकिंगमधून पडताळणी होईल अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करून घ्यावी.