मुष्टियुद्धातील प्रतिस्पर्धी जगज्जेत्यांच्या वारशाची तुलना

एकाच काळात, एकाच किंवा लगतच्या वजनगटांत लढलेल्या दोन अजिंक्यवीरांपैकी कोणाची कामगिरी अधिक मोलाची, याचा लढतींचे निकाल, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, लढतीच्या वेळचे वय आणि रिंगणाबाहेरचा प्रभाव यांच्या आधारे केलेला विचार म्हणजे प्रतिस्पर्धी जगज्जेत्यांच्या वारशाची तुलना होय. पुण्यासारख्या तालमींच्या शहरात असा विचार मल्लांविषयी पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. चिंचेची तालीम असो वा गोकुळ वस्ताद तालीम, जुन्या मल्लांचा विषय निघाला की समोर कोण होता आणि कुस्ती निकाली झाली की गुणांवर सुटली, हे आधी विचारले जाते. एकूण किती कुस्त्या मारल्या, हा प्रश्न नंतरचा. मुष्टियुद्धातील तुलनेलाही हाच क्रम योग्य आहे.

केवळ विजयांची संख्या किती फसवी असते, हे रॉकी मार्सियानो आणि जो लुई यांच्या उदाहरणावरून दिसते. मार्सियानो आपल्या सर्व ४९ व्यावसायिक लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झाला. त्यांपैकी ४३ लढतींत त्याने प्रतिस्पर्ध्याला मुदतीपूर्वीच नमवले. लुईने १९३७ ते १९४९ या काळात हेवीवेट म्हणजे सर्वांत वजनदार गटाचे जगज्जेतेपद सलग २५ वेळा राखले. ऑक्टोबर १९५१ मध्ये दोघे समोरासमोर आले तेव्हा मार्सियानोने आठव्या फेरीत लुईला बाद केले; परंतु त्या वेळी लुई ३७ वर्षांचा होता आणि आर्थिक ओढगस्तीमुळे निवृत्तीनंतर रिंगणात परतला होता. त्यामुळे हा निकाल नोंदीत कायम असला, तरी दोघांच्या भरातल्या ताकदीचा निवाडा म्हणून तो ग्राह्य धरता येत नाही.

या संपूर्ण विषयाचा कस मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या तीन लढतींत लागतो. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले आणि सुमारे साडेतीन वर्षे, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या ऐन उमेदीच्या वयात, त्याला लढता आले नाही. या काळात फ्रेझर अव्वल स्थानी पोहोचला. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे भिडले तेव्हा दोघेही अपराजित होते आणि दोघांनाही प्रत्येकी २५ लाख डॉलर मानधन ठरले होते. पंधराव्या म्हणजे अखेरच्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हाताचा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, अलीच्या जबड्यावर बसला आणि अली पाठीवर आदळला. तो लगेच उठला व उरलेली फेरी त्याने पूर्ण केली. मात्र पंचांचा निर्णय एकमताने फ्रेझरच्या बाजूने लागला.

जानेवारी १९७४ मधील दुसरी, १२ फेऱ्यांची लढत अलीने गुणांवर जिंकली. १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलालगतच्या केझॉन सिटीत झालेली तिसरी लढत मात्र दोघांचेही आयुष्य पोखरणारी ठरली. सकाळच्या उकाड्यात झालेल्या या लढतीत चौदाव्या फेरीअखेर फ्रेझरचा उजवा डोळा सुजून जवळजवळ मिटला होता, आणि त्याच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आधीपासूनच अधू होती. समोरून येणारे ठोसे त्याला दिसत नाहीत, हे ओळखून प्रशिक्षक एडी फच यांनी फ्रेझरचा विरोध न जुमानता लढत थांबवली. प्रशिक्षकाने घेतलेला हा निर्णय मुष्टियुद्धाच्या इतिहासातील सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी एक मानावा लागेल. निकालाची बेरीज अली दोन, फ्रेझर एक अशी होते. पण या बेरजेत पहिल्या लढतीचे वजन मावत नाही, कारण अपराजित अलीला हरवण्याची कामगिरी फ्रेझरआधी कोणालाही साधली नव्हती. शिवाय फ्रेझरच्या ३७ लढतींत जे चार पराभव आहेत, ते अली आणि जॉर्ज फोरमन या दोघांकडूनच, प्रत्येकी दोन, झालेले आहेत. अलीचे मोठेपण ज्या लढतींवर उभे आहे, त्यांपैकी निदान दोन फ्रेझरशिवाय घडल्याच नसत्या. बंदीच्या काळात अलीला पुन्हा परवाना मिळावा म्हणून फ्रेझरने त्याची बाजू घेतली होती. त्याच फ्रेझरला अलीने पुढे जाहीरपणे हिणवले आणि ते शल्य फ्रेझरला अनेक वर्षे सलत राहिले. २००१ मध्ये अलीने त्याबद्दल खेद व्यक्त केला. वारशाचा हिशेब मांडताना हा भागही वगळता कामा नये.

फोरमनला या दोघांशेजारी ठेवले की ‘अ’ने ‘ब’ला आणि ‘ब’ने ‘क’ला हरवले म्हणून ‘अ’ हा ‘क’पेक्षा श्रेष्ठ, हे गणित कोसळते. फोरमनने जानेवारी १९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे फ्रेझरला सहा वेळा खाली पाडून दोन फेऱ्यांत संपवले. ज्या फ्रेझरने अलीला हरवले होते, त्याला असे चिरडणाऱ्या फोरमनला अलीने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी आफ्रिकेतील किन्शासा येथे आठव्या फेरीत बाद केले. पुढे सरसावून वाकून लढणारा फ्रेझर फोरमनच्या वरून येणाऱ्या जड ठोशांना आयता सापडत असे, तर दोरांना टेकून मारा झेलत प्रतिस्पर्ध्याला दमवणारा अली त्याच्या हाती लागला नाही. लढण्याची धाटणी हा निकालामागचा स्वतंत्र घटक आहे. फोरमनने नोव्हेंबर १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, जगज्जेतेपद परत मिळवले आणि या तिघांच्या तुलनेत नवीच बाजू निर्माण केली.

कोणीही बाद न होता लढत संपली की पंचांनी फेरीगणिक दिलेल्या गुणांच्या बेरजेवर निकाल लागतो. असा निकाल पंचांच्या दृष्टीवर किती अवलंबून असतो, हे शुगर रे लेनर्ड आणि मार्व्हिन हॅग्लर यांच्या एप्रिल १९८७ मधील लढतीवरून कळते. पाच वर्षांत एकदाच लढलेल्या लेनर्डला एका पंचाने ११८–११० असे, दुसऱ्याने ११५–११३ असे विजयी ठरवले, तर तिसऱ्याने ११५–११३ असा कौल हॅग्लरला दिला. त्यानंतर हॅग्लर पुन्हा कधीही लढला नाही. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅक्वियाओ यांची लढत अनेक वर्षे रखडून मे २०१५ मध्ये झाली, तेव्हा ते अनुक्रमे ३८ आणि ३६ वर्षांचे होते. मेवेदर गुणांवर जिंकला.

हौशी मुष्टियुद्धात फेऱ्या कमी असतात, स्पर्धेचे पदक हेच मुख्य माप असते आणि एकाच देशाच्या दोन खेळाडूंची गाठ बहुधा देशांतर्गत स्पर्धांत किंवा निवड चाचणीत पडते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातील आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये लष्कराचे मुष्टियोद्धे तयार होतात आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही पुण्यातच झाल्या, त्यामुळे येथील प्रेक्षकाला हौशी खेळाची ही वेगळी मोजपट्टी जवळून माहीत आहे. तिचा ठळक दाखला मेरी कोम आणि निखत झरीन यांचा आहे. मेरीने २००२ ते २०१८ या काळात सहा जागतिक सुवर्णपदके मिळवली, ती ४५ ते ४८ किलो गटांत. महिला मुष्टियुद्धाचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश २०१२ मध्ये झाला, परंतु तेथे सर्वांत हलका गट ५१ किलोंचा होता. त्यामुळे लंडनमधील तिचे कांस्यपदक स्वतःहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांशी लढून मिळवलेले आहे. डिसेंबर २०१९ मधील ५१ किलो गटाच्या निवड चाचणीत मेरीने निखतला ९–१ असे हरवले. निखतने २०२२ मध्ये इस्तंबूल येथे ५२ किलो आणि २०२३ मध्ये नवी दिल्ली येथे ५० किलो गटात जागतिक सुवर्ण जिंकले. दोघींमधील चाचणी निखतच्या विश्वविजेतेपदांच्या आधीची असल्यामुळे तिचा निकाल मेरीच्या टिकाऊपणाची साक्ष म्हणून वाचावा. निखतच्या पुढील कामगिरीला त्यामुळे उणेपणा येत नाही.